एकही तक्रार नाही

साबणवाल्या बाईंनी तो साबण स्वतःच्या अंगाला आयुष्यात एकदाच लावला, आणि पुढचे दोन दिवस त्या खाजवत बसल्या. पण त्यांच्या आवाजावर तो सतरा वर्षं खपला. गावात भोंग्याची गाडी फिरायची, गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि बाईंचा आवाज घराघरांत शिरायचा. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण आजवर आंघोळ केलीच नाही. बाईंचं खरं नाव पोस्टमनलाच काय ते ठाऊक होतं. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "या साबणवाल्या बाई, आज भाजी घ्या, फेस नाही येणार!"

आवाज भरायचं काम एका छापखान्याच्या माडीवर चाले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. पंखा घरघरतो म्हणून तो बंद. बाई मानेभोवती ओला पंचा गुंडाळून मायक्रोफोनपुढे उभ्या राहायच्या, आणि काचेपलीकडे टेपवाले भाऊ कानाला यंत्र लावून बसायचे. भाऊंनी अंगठा वर केला, की काम झालं. साबण, छत्र्या, चहापत्ती, खोकल्याचं औषध, काहीही असो, दोन खेपांत पार. तिसरी खेप लागली, तर भाऊ विचारायचे, "बाई, आज तब्येत बरी नाही का?"

जाहिरातीत खोटं असतं, हे बाई कधी नाकारत नसत. पण त्या खोट्याचा हिशेब लोक चुकता करत. एकदा एक ठेंगणी बाई थेट घरी आली आणि अर्धा झिजलेला साबण तिनं ओट्यावर आपटला. "कुठाय फेस? दाखवा मला फेस! शेजारणीला मीच सांगितलं घे म्हणून, आता ती माझ्याशी बोलत नाही." बाईंनी तिला आत घेतलं. दोघींनी बादलीत हात घालून पंधरा मिनिटं फेस शोधला. सापडला नाही. मग दोघी हसत सुटल्या, चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी कंपनीच्या माणसाला फैलावर घेतलं. पुढच्या मालाला थोडा तरी फेस आला. असं दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी भांडायला यायचंच. बाईंना त्याचा राग येत नसे. त्यांच्या मते तो धंद्याचाच भाग होता.

भांडायला बाहेरून माणूस यायची तशी गरजही नव्हती म्हणा. घरात लेक होती. नवरा गेल्यावर उरलेली एकुलती एक, पेशानं नर्स, आणि स्वभावानं अशी, की बाईंनी तिचं नावच कटकट ठेवलेलं. भाजीत मीठ कमी. चहा गार. उशी उंच. दार करकरतं, त्याला तेल घाला. दवाखान्यातून दमून यायची, चपला काढायच्या आधी पहिली तक्रार करायची आणि मगच घरात शिरायची. बाई जाहिरातीचा कागद घेऊन सराव करायला बसल्या, की ही शेजारी बसून दर वाक्याला म्हणायची, "खोटं! हेही खोटं! आई, हे तर शुद्ध खोटं!" बाई वैतागायच्या, हसायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या.

मग माहिती खात्याचे साहेब आले. बारीक अंगाचे, अतिशय सभ्य, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. दूर नदीकाठी नवी वसाहत उभी राहिली आहे. प्रत्येक कुटुंबाला तीन खोल्यांचं घर. शाळा, दवाखाना, हाताला काम. नावं नोंदवा. बस्स, एवढंच.

"खाली नाव कुणाचं घालायचं?" टेपवाल्या भाऊंनी विचारलं. सवयच ती. जाहिरातीच्या शेवटी कंपनीचं नाव यायचं, कुठल्या दुकानात मिळेल ते यायचं.

"नाव कशाला?" साहेब म्हणाले. "हे सगळ्यांचंच आहे."

बाईंनी वाचलं. नेहमीसारखं, झकास. साहेबांनी मान हलवली. "बाई, तुम्ही विकताय."

"मग? माझं कामच आहे ते."

"साबण विकता तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं, ही आपल्याला विकतेय. तुम्हीही ते लपवत नाही. तुमच्या आवाजात बारीकसं हसू असतं, घ्यायचं तर घ्या नाहीतर राहिलं, असं. इथं ते नको. घरात कुणाला सांगतो ना आपण, पाणी तापलंय, आंघोळीला जा? तसं सांगा."

आवाजातून हसू काढणं ही काय चीज आहे, ते बाईंना त्या दिवशी कळलं. दहाव्या खेपेला साहेब म्हणाले, अजून आहे. विसाव्या खेपेला म्हणाले, थोडं उरलंय. पंचा तीनदा ओला करून झाला. भाऊंच्या यंत्रातली फीत संपली, दुसरी चढवली. बाईंच्या नाकी नऊ आले, पण हटल्या नाहीत. कामाला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. आणि तिसाव्या खेपेच्या पुढे कुठेतरी एक गंमत झाली. एकच वाक्य इतक्यांदा म्हटल्यावर बाईंना ती नदी दिसायला लागली. तिन्ही खोल्या दिसल्या, खिडक्यांसकट. एक्केचाळिसाव्या खेपेला त्यांनी सांगितलं, आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले. "हे," ते म्हणाले. "हेच."

त्या रात्री जेवताना कटकटीनं कागद हातात घेऊन वाचला. बाई वाट बघत होत्या, आता म्हणेल खोटं, मग म्हणेल. ती गप्प. भाजीबद्दलही गप्प.

"आई, तिथं दवाखाना खरंच बांधलाय?"

"बांधलाय."

"तू बघितलास?"

"बघायला कशाला हवा? मला माहीत आहे."

आता हे बाई का म्हणाल्या, ते त्यांनी पुढे चार वर्षं स्वतःला विचारलं. दमल्या होत्या, हे खरं. एक्केचाळीस खेपांनी त्यांना स्वतःलाच पटलं होतं, हेही खरं. पण आणखी एक होतं आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटायची. आपली पोर आपल्यावर पहिल्यांदाच विश्वास ठेवतेय, या गोष्टीनं त्या सुखावल्या होत्या.

महिन्याभरात कटकट गेली. नव्या दवाखान्यात मुख्य नर्स व्हायचं, म्हणाली. गाडीत चढताना पिशवीचा पट्टा खांद्याला कापतो म्हणून कुरकुरली. बाईंनी ऐकलेली तिची ती शेवटची तक्रार.

पत्रं यायची. महिन्याला एक, न चुकता. अक्षर तिचंच. "येथे सर्व सोयी उत्तम आहेत. हवा चांगली आहे. काम समाधानकारक आहे. तुम्ही काळजी करू नये." तुम्ही! जन्मापासून जी आईला अगं-तुगं करत आली, भांडताना तर गल्लीला ऐकू जाईल असं करत आली, ती पोर तुम्ही लिहीत होती. पहिल्या वर्षी बाईंना वाटलं, मोठी झाली, जबाबदारी आली, वळण लागलं. शेजारणींना पत्रं वाचून दाखवताना ऊर भरून यायचा. दुसऱ्या वर्षी त्या पत्र एकट्याच वाचू लागल्या. तिसऱ्या वर्षी सगळी पत्रं एका ओळीत मांडून बसल्या आणि शोधू लागल्या. काय शोधताय हे कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. एखादी कुरकुर. उशी उंच आहे, डास चावतात, वरचा डॉक्टर गाढव आहे, काहीतरी. इतक्या महिन्यांत या मुलीला एकदाही चहा गार लागला नाही?

लेकीची आठवण बाईंना फार विचित्र जागी यायची. दार करकरलं की यायची. शेवटी त्यांनी दाराला तेल घातलं, तर न करकरणाऱ्या दारानं आणखीच जीव खाल्ला. भाजीत मीठ कमी पडलं, की हात थांबायचा, कान आपोआप टवकारले जायचे, आणि घर गप्प राहायचं. असा जीव तुटायचा, की ताट बाजूला सारून त्या नुसत्या बसून राहायच्या. माया करणारी माणसं काय, गल्लीत पुष्कळ होती. चुका काढणारं माणूस हवं होतं. ते एकच होतं, आणि त्यांनीच ते आपल्या तोंडानं तिकडे धाडलं होतं.

लेकीला रजा मिळावी म्हणून बाईंनी सात अर्ज केले. सातही परत आले. "सध्या शक्य नाही." कारण कधी लिहिलेलं नसे.

आणि मग, चार वर्षांनी, साहेबांचं बोलावणं आलं. तीच माडी, त्याच गाद्या, साहेबांना फक्त चष्मा लागलेला. वसाहतीचा दुसरा टप्पा सुरू होतोय, म्हणाले. नवी घोषणा. कागद पुढे केला.

"साहेब, माझ्या लेकीच्या रजेचं काय?"

"हे होऊ द्या, मग बघू."

बाईंनी कागद वाचला नाही. का कुणास ठाऊक, त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "साहेब, मागच्या घोषणेबद्दल कुणी भांडायला आलं होतं का हो?"

"भांडायला?"

"म्हणजे तक्रार. घर गळतं, शाळेत मास्तर नाही, काहीतरी. माझ्याकडे कुणी आलं नाही, म्हटलं कार्यालयात येत असतील."

साहेब हसले. त्यांना ती तारीफ वाटली. "अहो, हजार-बाराशे कुटुंबं गेली. चार वर्षं झाली. एकही तक्रार नाही!"

काचेपलीकडे भाऊंनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं. सतरा वर्षं एका दीड बोटाच्या साबणावरून लोक त्यांच्या दारात येऊन थयथयाट करत होते. आणि इथे घरदार, गाव, सगळं सोडून गेलेली हजार कुटुंबं, त्यांतल्या एकालाही काही खुपलं नाही? की खुपलं ते सांगायला कुणाला परत येता आलं नाही? एवढी साधी गोष्ट. कुणाला नाही तरी आपल्याला कळायला हवी होती. गिऱ्हाईक ओरडत नाही म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण या घोषणेवरून आपल्या दारात कुणी आलं नाही, हे चार वर्षं बाईंनी गुण म्हणूनच मोजलं होतं.

"नाव लिहा," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"माझं. तिला येता येत नाही ना? मग मी जाते. दुसऱ्या टप्प्यात पहिलं नाव माझं लिहा."

साहेबांनी तो कागद हळूच परत घेतला, घडी केली, खिशात घातली. "छान," ते म्हणाले. "मग घोषणा राहू द्या. आता तिची गरज नाही."

इथं बाईंनी थांबायला हवं होतं. हयात विकण्यात गेलेली बाई, पण त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला नाही. त्या जिना उतरत होत्या आणि लेक आपल्याला बघून पहिलं काय म्हणेल, याचा विचार करत होत्या. केस किती पिकवलेस, म्हणेल. हे काय नेसलीस, म्हणेल. त्या विचारानंच त्यांना इतका आनंद झाला, की शेवटची पायरी चुकली आणि भिंतीला धरून त्या एकट्याच हसल्या.

आठ दिवस बांधाबांध चालली. लेकीची पातळ उशी घेतली. भांडी शेजारणीला दिली. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "जाताय म्हणे?" आणि बाई हसून सांगायच्या, "हो, आता राहवत नाही." इतकं तरतरीत त्यांना चार वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. तिकडे कार्यालयाच्या फलकावर साहेबांनी जाणाऱ्यांची यादी लावली. सगळ्यात वर बाईंचं नाव, आणि कंसात, लोकांना कळावं म्हणून, साबणवाल्या बाई. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी बाई गाडीच्या थांब्यावर पोचल्या, तर तिथं ही गर्दी. आधी वाटलं, निरोप द्यायला आलेत. मग बोचकी दिसली. छत्रीवाला, त्याची बायको, दोन पोरं आणि घडीचा पलंग. चहाच्या टपरीवालीची सून, अंगावरच्या बाळासकट. शिंपीणबाई, जिचा नवरा पहिल्याच टप्प्यात गेला होता. आणि गर्दीत कोपरानं वाट काढत ती ठेंगणी बाई, फेसवाली, डोक्यावर ट्रंक घेऊन.

"तुम्ही कशा इथं?" बाईंनी विचारलं.

"अहो, भोंग्यावर तुम्ही कितीही गोड बोला, मी एकदा फसले ती फसले," फेसवाली म्हणाली. "पण तुम्ही स्वतः बिऱ्हाड हलवताय, म्हटल्यावर काय बघायचं राहिलं? घर विकून टाकलं काल. आमची अख्खी आळी आलीय. तीस जण तरी असतील."

कार्यालयाचा फोटोवाला बाईंकडे बघून म्हणाला, "जरा हसा." सवयीनं बाई हसल्याही.

मग त्या गाडीत चढल्या आणि खिडकीशी बसल्या. दोन दिवसांचा प्रवास. परवा संध्याकाळी लेक दिसणार. काही बोलायची गरज नव्हती. त्यांनी कुणाला चला म्हटलं होतं का? एक शब्द नाही. आपण आपल्या पोरीकडे चाललोय, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. बाईंनी हे स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तो पाणी तापलंय असं सांगत होता. टपरीवालीची सून बाळाला घेऊन पुढच्याच बाकावर बसली. बाळ मागे वळून बाईंच्या तोंडाकडे बघू लागलं.

बाई उठल्या. गाडीच्या दारात उभ्या राहिल्या. पुढ्यात मायक्रोफोन नव्हता, कागद नव्हता.

"ऐका," त्या म्हणाल्या. "मी लेकीला बघायला चाललेय. तिच्यावाचून मला राहवत नाही म्हणून. तिथं काय आहे, मला माहीत नाही. घर आहे की नाही, माहीत नाही. दवाखाना आहे की नाही, माहीत नाही. मागं मी भोंग्यावर सांगितलं, तेव्हाही माहीत नव्हतं."

साहेब दोन पावलं पुढे आले. "बाई, खाली बसा बघू."

"साबण वाईट निघाला, तर तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन आपटलात," बाईंनी फेसवालीकडे बघितलं. "तिथून कोण आलंय परत, काही आपटायला? एक माणूस सांगा. मी त्याच्या पाया पडते."

एक माणूस कुणालाच सांगता येईना. मग फेसवालीनं ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "घर विकलं की हो मी काल!" आणि रडायलाच लागली. छत्रीवाल्यानं काही न बोलता टपावरून पलंग उतरवायला घेतला. टपरीवालीची सून बाळाला घेऊन खाली आली. कुणी शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, बाईंनाही दिल्या. बाईंनी त्या निमूट ऐकून घेतल्या.

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर रेघ मारली आणि बाईंची वळकटी स्वतःच्या हातानं खाली ठेवली. "तुम्हाला आता नाही जाता येणार," ते म्हणाले. "आताही नाही आणि नंतरही नाही."

गाडीत पाच-सहा जण उरले. ज्यांचं कुणी तिथं होतं ते. शिंपीणबाई खिडकीत बसून होती. चालकानं गाडी सुरू केली तशी ती बाहेर वाकली.

"मी तर जाणारच, बाई. माझा माणूस आहे तिथं, असेल तसा. तुमच्या लेकीला काही द्यायचंय?"

बाईंनी उशी उचलली, तर साहेबांच्या माणसानं हात आडवा घातला.

"मग निरोप सांगा."

गाडी हलली. बाई खिडकीची सळई धरून शेजारी चालू लागल्या. किती निरोप साठवले होते चार वर्षांत! त्यांतला एकही तोंडात येईना.

"तिला म्हणावं, आईला माहीत नव्हतं."

"एवढंच? चिडेल हो ती."

"चिडू दे!" बाई आता धावत होत्या. "तिला म्हणावं, खूप चीड. आणि भांडायला घरी ये."

सळई हातातून सुटली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी बाई रस्त्याच्या मधोमध तशाच उभ्या होत्या, आणि मागून येणारा सायकलवाला त्यांना बाजूला व्हायला सांगत होता.